भिंतीवरचा धबधबा

गिरिछाया सोसायटीत एकशे बारा बिऱ्हाडं राहतात आणि त्यातल्या एकशे अकरांना आपण कशाच्या अंगाला चिकटून राहतो याचा पत्ता नाही. घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीच्या वरच्या बाजूला, बिल्डरने डोंगराचा पाय कापला, कापलेल्या जागेत तीन इमारती उभ्या केल्या आणि मागे उरलेला डोंगर अंगावर येऊ नये म्हणून अठरा फूट उंचीची दगडी भिंत बांधली. जाहिरातीत याला 'हिल व्ह्यू' म्हटलं होतं. लोक त्या व्ह्यूवर भाळले. भाळणाऱ्यांत आमचे हेही होते. ते आता नाहीत, म्हणून त्यांना काही बोलत नाही.

मी माधुरी परब. कुर्ल्याच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. भूगोल म्हणजे कंटाळा आला की नकाशे रंगवायचा तास, असं मुलांनाच नाही, त्यांच्या आईबापांना आणि आमच्या मुख्याध्यापकांनाही वाटायचं. विदारण, झीज आणि संचयन हा धडा बाकीच्या बाई दोन तासांत उरकायच्या. मी त्याला चौदा तास द्यायचे आणि तरीही परीक्षेत पोरं 'पर्वत अचल असतो' असली वाक्यं लिहून यायची. अशा उत्तरांवर मी लाल पेनने एकच शब्द लिहीत असे. तो इथे लिहीत नाही.

डोंगर अचल नसतो. आमच्या मागचा डोंगर काळ्या खडकाचा आहे. उन्हात तापतो, पावसात निवतो. फटींतून पाणी आत शिरतं, त्या पाण्यामागे झाडांची मुळं शिरतात, गोल धोंड्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि फार फार वर्षांनी त्या काळ्या दगडाचा लालसर मुरूम होतो, बोटांनी चुरता येईल इतका मऊ. मग पाऊस तो उचलतो, खाली आणतो आणि उतार संपला की टाकून देतो. एवढंच काम, पण त्याला सुट्टी नाही. ज्याने भिंत बांधली त्याला हे कळत असावं, कारण त्याने भिंतीत दर चार-पाच फुटांवर पाइपांचे तुकडे बसवून पाण्याला वाट ठेवली होती. पावसाळ्यात त्या भोकांतून लाल पाणी गळायचं आणि प्रत्येक भोकाखाली गाळाचा छोटा पंखा पसरायचा. इतका सुबक, की मी सोसायटीतल्या मुलांना बोलावून दाखवायचे. मुलं यायची, बघायची आणि विचारायची, "आजी, जाऊ का आता?"

यंदा मे महिन्यात आमच्या सेक्रेटरीबाईंना, श्वेता राणेला, या गाळाची किळस आली. श्वेता लोकांची घरं सजवून देते. वॉर्डात 'सुंदर सोसायटी' नावाची स्पर्धा जाहीर झाली होती आणि तिच्या मते आमचा पहिला नंबर केवळ त्या भिंतीमुळे हुकत होता. तिने भिंतीखाली पेव्हर ब्लॉक बसवून घेतले, बाकडी टाकली आणि सौरभ नावाचा एक चित्रकार आणला. त्याने आठ दिवस परांचीवर उभं राहून भिंतीवर जंगल रंगवलं. दोन हरणं, एक वाघ, केशरी चोचीचा कुठल्यातरी परमुलखातला पक्षी आणि भिंतीच्या उत्तरेकडच्या टोकाला, जुन्या पंप रूमच्या मागे, वरपासून खालपर्यंत कोसळणारा पांढराशुभ्र धबधबा. त्याखाली मोठ्या अक्षरांत 'निसर्ग वाचवा'. रंगावर लाल ओघळ येऊ नयेत म्हणून त्याआधी सगळी भोकं सिमेंटने बुजवली होती. खोट्या पाण्यासाठी खरं पाणी कोंडायचं हे आमच्या कमिटीलाच सुचू शकतं.

मी गावाला कोकणात होते. परत आले तर सगळे भिंतीपुढे उभे राहून सेल्फी काढत होते.

तशीच, हातातली फणसाची पिशवी खाली न ठेवता, मी ऑफिसात गेले. चेअरमन श्यामसुंदर तावडे तिथे पाच-सहा जणांत बसला होता. श्यामसुंदर माझा विद्यार्थी. आता पन्नाशीचा, पोट सुटलेला, मॉड्युलर किचनचा धंदा करणारा, पण मला अजून नववी 'क'मध्ये तिसऱ्या बाकावरच दिसतो.

"श्याम, भोकं कोणी बुजवली?"

"बाई, बसा ना. चहा घ्या."

"भोकं कोणी बुजवली ते सांग."

"वॉटरप्रूफिंग केलंय बाई. एकदम पक्कं. आता थेंब येणार नाही बाहेर."

"बाहेर नाही येणार, मग जाणार कुठे? मागे साठणार. मुरूम भिजला की फुगतो, जड होतो. सगळा भार त्या भिंतीवर. धड्यात होतं हे."

"बाई, कॉन्ट्रॅक्टर बोलला, काही टेन्शन नाही. तो रोज हेच काम करतो ना."

इथे मी थांबायला हवं होतं, किंवा निदान आवाज खाली आणायला हवा होता. मी काय केलं, तर त्या पाच-सहा जणांकडे वळून म्हटलं, "याला भूगोलात पस्तीस मार्क होते. त्यातले सव्वीस याचे, नऊ मी दिलेले. पोरगं वर्षभर परत समोर नको म्हणून."

सगळे हसले. श्यामसुंदरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. "बाई," तो म्हणाला, "तो विषय क्लोज झालाय. भोकं उघडणार नाही." आणि खरंच नाही उघडली. दोन लेखी अर्ज दिले, त्यांची पोचसुद्धा मिळाली नाही. वॉर्ड ऑफिसात गेले तर तिथला साहेब म्हणाला की खाजगी भिंत आहे, सोसायटीने ठराव करून पाठवा. ठराव कोण करणार, तर श्यामसुंदर.

आता, भिंत पडली असती तरी इमारतींना फारसं काही झालं नसतं. त्या तीस फुटांवर आहेत. भिंतीला लागून फक्त दोन गोष्टी होत्या. उत्तर टोकाला ती जुनी पंप रूम, पंप हलवल्यापासून रिकामी. आणि दक्षिण टोकाला नाना आणि सोनूबाईची खोली.

नाना आमचा रात्रीचा वॉचमन. जालन्याकडचा. सोसायटी बांधली तेव्हा तो इथेच बिगारी होता आणि काम संपल्यावर इथेच राहिला. सोनूबाई चार घरची धुणीभांडी करते, त्यात माझंही घर आहे. खोलीत एक कॉट, एक शेगडी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात पाण्याचा निळा पिंप. नाना रात्रभर जागतो आणि दुपारी जेवून झोपतो. सोनूबाई कामं आटोपून त्याच वेळी आडवी होते. म्हणजे भिंत कधीही पडो, दुपारी बारा ते चार दोन जिवंत माणसं तिच्या पायाशी निजलेली असणार. माझी झोप उडाली ती यामुळे.

जूनच्या शेवटी चांगला आठवडाभर पाऊस लागला आणि भिंत कोरडी राहिली. लोक खूश. श्वेताने ग्रुपवर फोटो टाकला, 'झीरो लीकेज'. मी छत्री घेऊन रोज भिंतीची पाहणी करायचे. उत्तरेकडे, धबधब्यापाशी, काही नव्हतं; गुळगुळीत, कोरडी, ठाकठीक. पण दक्षिणेकडे नानाच्या खोलीवर रंग नव्हता, चित्र तिथपर्यंत पोचलंच नव्हतं, आणि तिथे मला दगडांच्या सांध्यात एक तिरपी भेग दिसली. पेन्सिल जाईल एवढी. दुसऱ्या दिवशी त्यात बोट गेलं.

मी नानाला उठवलं. "नाना, इथे राहायचं नाही. ही भिंत इथूनच फुटणार."

नाना डोळे चोळत बाहेर आला. त्याने भेगेकडे बघितलं, मग भिंतीला तळहात लावून थोडा वेळ उभा राहिला. "जुनी हाय बाई ही चीर," तो म्हणाला. "दोन साल झाले."

"जुनी असेल, आता वाढतेय. मागे पाणी साठलंय. तुम्हाला समजतंय का मी काय म्हणतेय?"

"पाणी तर साठलंच की. पण बाई, पाणी इकडं कमी. तिकडं जास्ती." त्याने उत्तरेकडे हात केला. "तिथं ओढा व्हता. आम्हीच बुजवला, भर टाकून. मग भिंत केली."

"ओढा होता तर भिंतीला तिथे भेग पडली असती. पडली आहे का? नाही. भेग इथे आहे. भेग म्हणजे काय, तर भार सहन न होणं." आणि मी त्या माणसाला, छत्रीत उभं राहून, विदारणापासून सगळा धडा सांगितला. तो मान हलवत ऐकत होता. मला वाटलं, चला, चौतीस वर्षांत नाही तर निदान आज एकाला समजला. शेवटी तो परत म्हणाला, "ओढा लई मोठा व्हता, बाई," आणि मी चिडले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाने मला डोंगर समजावून सांगावा, एवढे वाईट दिवस काही आले नव्हते. त्याला मी तसं म्हणालेही. हेच शब्द नव्हते, पण अर्थ तोच.

मग मी धावपळ केली. पंप रूमची किल्ली श्वेताकडे होती. तिने ती आनंदाने दिली, कारण नानाची खोली मोडून तिथे तिला कारंजं करायचं होतं. श्यामसुंदर म्हणाला, "बाईंची इच्छा असेल तर आपण नाही कशाला म्हणायचं." दोन पोरं लावून मी पंप रूम झाडून घेतली, बल्ब लावून घेतला आणि एका सकाळी स्वतः उभं राहून नानाची कॉट तिकडे हलवली. पंप रूम त्या रंगीत धबधब्याला टेकून होती. भिंत तिथे नव्यासारखी दिसत होती. मी तिच्यावर हात थोपटून म्हटलं, "इथे काही भीती नाही."

पुढचे तीन आठवडे मी बरी झोपले. रोज दुपारी गॅलरीतून बघायचे. पंप रूमचं दार लावलेलं असायचं, बाहेर नानाच्या चपला. कमिटी मूर्ख असेल, पण दोन जीव मी वाचवले होते, कोणाच्या मदतीशिवाय. ही गोष्ट मी वाण्यापासून लिफ्टमध्ये भेटेल त्याच्यापर्यंत सगळ्यांना सांगितली.

जुलैच्या शेवटी तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मी गॅलरीत कपडे आत घेत होते. आधी आवाज आला, जमिनीखालून कोणी जड कपाट सरकवल्यासारखा. मग मी बघितलं की धबधब्याचं पोट पुढे येतंय. हरणं सरकली, मधे काळी फट उघडली आणि भिंतीचं ते सगळं उत्तर टोक बसलं. मागून लाल चिखल आला, त्यात पिंपाएवढे गोल धोंडे, विटांचे तुकडे, जुन्या गोणी, बिल्डरने ओढ्यात टाकलेली सगळी भर. पंप रूम दिसेनाशी झाली. पाच सेकंद लागले असतील.

मी अनवाणी जिना उतरले. खाली लोक लांब उभं राहून मोबाइल धरून होते. श्यामसुंदर छत्रीखाली फायर ब्रिगेडला फोन लावत होता. मी त्याची कॉलर पकडली. "आत दोघं आहेत," मी म्हटलं. "नाना आणि सोनूबाई. आत आहेत ती." त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो पहिल्यांदा मला आवडेल असं वागला: फोन फेकून चिखलात शिरला. मीही शिरले. हाताने चिखल ओढत होते, नखं फुटत होती, आणि डोक्यात एकच गोष्ट चालू होती. श्वेताने नाही, श्यामने नाही. मी. मी स्वतः कॉट हलवली. नाना सांगत होता तेव्हा मी त्याला धडा शिकवत होते.

"बाई, सरका जरा."

माझ्या शेजारी कोणीतरी पहार घेऊन उभा राहिला आणि एक धोंडा उचकटू लागला. कमरेला टॉवेल, अंगात बनियन, झोपेतून उठल्यासारखे केस. "आत कोण घावलंय, बाई?" नानाने विचारलं. "कोन व्हतं आत?"

मी त्याच्याकडे बोट केलं.

मग त्याच्या लक्षात आलं आणि तो माणूस, मी सांगते, ओशाळला. खोटं पकडलं गेल्यासारखा. "आम्ही न्हवतोच तिथं," तो हळूच म्हणाला. "सोनू बी घरीच हाय."

घरी म्हणजे जुन्या खोलीत. संध्याकाळी, फायर ब्रिगेड आत कोणी नाही याची खात्री करून गेल्यावर, सोनूबाईने मला तिथे नेऊन बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. जमिनीवर सतरंजी पसरलेली होती. कोपऱ्यातला निळा पिंप तिने बाजूला केला. मागे भिंतीत बुजवलेली तीन भोकं होती, तिन्ही फोडलेली, आणि त्यांतून लाल पाणी एका रबरी नळीत उतरून बाहेरच्या गटाराला जात होतं.

"बुजवल्यावर चार दिवसांत ह्यांनी फोडली," सोनूबाई म्हणाली. "हे गावाकडं विहिरी खणायचे. पाणी कुठनं येतं ते त्यांना कळतं."

"मग पंप रूममध्ये?"

"एक दिवसबी राहिलो नाही. कॉट तेवढी तिथं ठेवली. आन् दुपारी चपला नेऊन ठेवायची मी. तुम्ही गॅलरीतनं बघायच्या ना."

"मला सांगायचं नाही का, सोनूबाई?"

ती पिंप जागेवर ढकलत होती. "सांगितलं की. दोनदा सांगितलं ह्यांनी, ओढा हाय म्हणून. तुम्ही मोठ्यानं बोलाया लागलात." मग म्हणाली, "एवढा जीव लावून कॉट हलवली तुम्ही. म्हटलं, नाराज कशाला करायचं."

नंतर मी एकटी जाऊन ते तुटलेलं टोक बघून आले. पडलेल्या दगडांवर रंगाखाली भेगा होत्या, एक नाही, कितीतरी, जाळं झालं होतं. सौरभने त्या पुट्टीने भरून वर पांढरं पाणी रंगवलं होतं. ज्या चित्राला मी दोन महिने नावं ठेवली, त्यानेच मला फसवलं. भूगोलाच्या बाईने खडक बघितला नाही, रंग बघितला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सोसायटीने माझा सत्कार ठेवला. श्यामसुंदरची कल्पना. माईक हातात घेऊन तो म्हणाला की परब बाईंनी मे महिन्यातच इशारा दिला होता, आपण ऐकला नाही, आणि याची मला आयुष्यभर लाज वाटेल. बाईंनी मला दिलेले नऊ मार्क मी परत करू शकत नाही, म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो खरंच रडवेला झाला होता. श्वेताने शाल आणि श्रीफळ आणलं. वॉचमन मंडळींना बाईंनी दुसरीकडे हलवलं, हेही कोणीतरी कौतुकाने जोडलं. कुठे हलवलं ते विचारायचं कोणाला सुचलं नाही. इतकी वर्षं मी या लोकांना ठोंब्या म्हणत आले आणि त्या दिवशी त्यांचं ठोंब्यापण मला हवंहवंसं वाटलं.

"बाई, दोन शब्द," श्यामसुंदरने माईक पुढे केला.

मी चाळीस मिनिटांच्या खाली कधी बोललेले नाही. समोर खुर्च्यांच्या मागे नाना उभा होता, धुतलेल्या गणवेशात, शेजारी सोनूबाई. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं, की मी या दोघांना त्या ढिगाऱ्याखाली नेऊन झोपवलं होतं आणि यांनी माझं ऐकलं नाही म्हणून ही आज उभी आहेत. वाक्य तयार होतं. मी म्हटलं, "धन्यवाद," आणि शाल सावरत खाली बसले. नाना टाळ्या वाजवत होता.

कार्यक्रम उरकल्यावर तो खुर्च्या एकावर एक रचत होता. मी नारळ हातात धरून त्याच्यापाशी गेले. "नाना, मला सांगता आलं असतं तिथे. मी सांगितलं नाही."

"राहू द्या, बाई."

"तुम्ही दोघं गेला असतात. माझ्यामुळे."

त्याने हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या. "गेलो न्हाई ना," तो म्हणाला. "हुतं असं. पुस्तकात ह्यो डोंगर थोडाच व्हता. तुम्ही एकदा चला माझ्यासंगं वर, मी दावतो ओढा कुठनं यायचा ते. हळूहळू कळंल."

तो हे थट्टेने म्हणत नव्हता. अगदी सावकाश, समजावून, माझ्या तोंडाकडे बघत बोलत होता, मला समजतंय ना याची खात्री करत. चौतीस वर्षांत माझ्या वर्गात कितीतरी ढ मुलं येऊन गेली. त्यांतल्या एकाशीही मी असं बोलले नव्हते.